चवड्याचं माप

"मॅडम, एक नंबर मोठा घ्या ना, मग नाही चावणार."

दादरपासून बोरिवलीपर्यंत जिथे जिथे मी बूट घ्यायला बसले, तिथे हे वाक्य ऐकलं आणि दर वेळी मानलंही. पायाला लांबीसारखंच रुंदीचंही माप असतं आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही अंगठ्याचं नख गेल्यावर.

आमच्या घरातल्या बायकांचे पाय फताडे. आजी राजापूरकडची, जन्मभर अनवाणी चालली. तिच्या पायाची बोटं पंख्यासारखी पसरलेली होती आणि कातळावर ती जशी पाय रोवून चालायची तसं चालताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. आईची करंगळी कायम चपलेच्या पट्ट्याबाहेर. कुठलीही चप्पल घेतली तरी ती बाहेरच्या कडेलाच तुटते. माझा पायही तोच, टाच अरुंद आणि चवडा रुंद. खरी अडचण या जोडीतच आहे. पाय नुसता मोठा असता तर मोठा बूट घेऊन भागलं असतं.

कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पायात ॲक्शनचे ट्रेकिंग शूज असायचे. सह्याद्रीत भटकणाऱ्या किती जणांनी ते झिजवले असतील, त्याला गणती नाही. मी मुलांच्यातलाच सगळ्यात लहान नंबर घ्यायचे, कारण माझ्यासमोर दुसरं काही ठेवलंच जायचं नाही. त्या बुटांत मी राजमाची केला, सुधागड केला, हरिश्चंद्रगडावर दोनदा जाऊन आले. पाय दुखल्याचं आठवत नाही. त्याचं कारण तेव्हा शोधलं नाही, कारण न दुखण्याचं कारण कोण शोधतं?

मग लग्न, मुलगी, नोकरी. मधली पंधरा-सोळा वर्षं डोंगर लोकलच्या खिडकीतूनच पाहिले. लेक कॉलेजात गेली आणि तिच्याबरोबर मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठरवलं, चांगला, खास बायकांसाठी बनवलेला बूट घ्यायचा. आठ हजार मोजले. पाच नंबर करंगळीला चावत होता. दुकानदाराने नेहमीचं वाक्य म्हटलं, मी सहा नंबर घेतला.

नोव्हेंबरात कळसूबाईला गेलो. मुलुंडहून रात्रीची कसारा लोकल, पुढे जीपने बारी गाव. चढताना काही जाणवलं नाही. लोखंडी शिड्याही मजेत पार झाल्या. १६४६ मीटरवर, महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी, देवीच्या छोट्या देवळापाशी उभं राहून लेकीने फोटो काढला, त्यात मी खरोखर खूश दिसते. उतरायला लागलो आणि पंधरा मिनिटांत कळलं की काहीतरी चुकलंय. प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकत होता आणि अंगठा टोकावर आदळत होता. टाच मागे सुटून वर उचलली जात होती. आणि एवढं सगळं होऊन करंगळी चावतच होती! म्हणजे बूट एकाच वेळी ढिलाही होता आणि घट्टही. शेवटचा तासभर मी तिरकी तिरकी उतरले, त्याने गुडघा धरला. गावात ओट्यावर बसून मोजे काढले, तर उजव्या अंगठ्याचं नख जांभळं-काळं, दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आणि करंगळीच्या बाहेरच्या अंगाला सालटं निघालेलं.

डॉक्टर म्हणाले, नखाखाली रक्त साकळलंय, नख पडेल, नवीन यायला काही महिने लागतील. मग त्यांनी विचारलं, "बूट किती नंबरचा होता?" मी म्हटलं, सहा. "आणि रुंदी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असा प्रश्न असतो हेच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात, एका रात्री जेवणं झाल्यावर, आम्ही पाय मोजले. रात्री मुद्दाम, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतो आणि डोंगरात तो याहूनही सुजणार असतो. कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं, टाच भिंतीला लावली, दोन्ही पायांवर सारखा भार दिला आणि लेकीने पेन्सिलीने कड काढली. पहिल्यांदा मी खुर्चीत बसून पाय ठेवला होता. ते माप चवड्यावर ९७ मिलिमीटर आलं. उभी राहिले तर १०१. त्या दोन रेषांमधलं अंतर बघून मी चाट पडले. नुसतं उठून उभं राहिल्यावर पाय चार मिलिमीटर पसरतो आणि आपण दुकानात स्टुलावर बसून बूट घालून बघतो. पेन्सिल सरळ उभी धरणं फार महत्त्वाचं. ती आतल्या बाजूला कलली की दोन्हीकडून माप खाते. शेवटी उजवा पाय लांबीला २४१, रुंदीला १०१. डावा २४३ आणि ९९. दोन पाय सारखे नसतात म्हणतात, ते कागदावर दिसलं. शिंप्याच्या टेपने चवड्याचा घेरही घेतला, तो २४५ भरला.

मग वाचायला बसले. आपल्याकडे चालतो तो नंबर इंग्रजांच्या पद्धतीचा. त्यात एका नंबराला इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर लांबी वाढते. बुटावर ३८, ३९ असे आकडे असतात ते युरोपातले, त्यात एका आकड्याला पाऊण सेंटिमीटरहूनही थोडी कमी. दोन्ही आकडे लांबीचे. नंबर वाढला की रुंदीही वाढते, पण ती ढोबळमानाने जेमतेम दोन मिलिमीटर. म्हणजे मला सात-आठ मिलिमीटर जास्त रुंदी हवी असेल, तर निव्वळ नंबर वाढवत ती मिळवायला मला जवळजवळ चार नंबर मोठा, तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब बूट घालावा लागेल! हे गणित करून झालं तेव्हा त्या दुकानदारांच्या वाक्याचा मला पहिल्यांदा राग आला. त्यांचा दोष थोडाच, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट कळली ती अजून उपयोगाची. अमेरिकन पद्धतीत रुंदीला अक्षरं असतात. पुरुषांच्या बुटात 'डी' म्हणजे सर्वसाधारण, 'दोन ई' म्हणजे रुंद, 'चार ई' म्हणजे फारच रुंद. बायकांच्या बुटात मात्र 'बी' हे सर्वसाधारण आणि 'डी' म्हणजे रुंद. तेच अक्षर, एकीकडे नेहमीचं आणि दुसरीकडे रुंद. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या काही बूट 'दोन ई' आणि 'चार ई' मध्ये काढतात, पण आपल्या दुकानांत बहुतेक बुटांवर अक्षर लिहिलेलंच नसतं. मग मला माझे कॉलेजातले ॲक्शन आठवले. मुलांचा फर्मा! फर्मा म्हणजे ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पायावर बूट बेततात तो. तो रुंद होता, म्हणून माझे पाय दुखले नव्हते.

आणि यात आपण एकटे नाही, हेही समजलं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांच्या पायांची मापं घेतली आणि भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. आपल्यासाठी वेगळी मापं ठरवण्याचं काम त्यावरूनच सुरू झालं. 'भ' असं त्या मापपद्धतीचं नाव ठेवलंय, भारतातला भ. ही बातमी वाचताना मला आजीचे पाय आठवत होते. तिच्या पायात काही खोट नव्हती, आणि माझ्याही नाही.

आता दुकानं. यात दोन महिने गेले, सगळं सांगत नाही. घाटकोपरच्या मॉलमध्ये बायकांची भिंत संपवून मी पुरुषांच्या भिंतीकडे गेले तर तिथला मुलगा मागून धावत आला, "मॅडम, ते जेंट्सचे आहेत."

"माहीत आहे. सहा नंबर दाखवता?"

त्याच्याकडे सातपासून पुढे होते. पुढच्या दुकानातही सातपासून. पुरुषांचा सहा नंबर मिळणं ही मुंबईत एक वेगळीच शोधमोहीम आहे. लहान नंबर दुकानदार कमी मागवतात आणि मागवले तरी ते मागच्या गोदामात पडलेले असतात. तेव्हा आधी फोन करून विचारावं, उगाच प्रवास वाचतो. एकदा ऑनलाइन मागवला. चवड्याला छान होता, पण टाच इतकी मोकळी की जिना उतरताना पाय बाहेर यायचा. परत पाठवला.

शेवटी अंधेरीच्या एका छोट्या दुकानात योग्य माणूस भेटला. पंचविशीतला मुलगा, स्वतः डोंगरात जाणारा. हे त्याच्या काळ्या पडलेल्या नखावरूनच दिसत होतं, त्याने चप्पल घातली होती. मी कालनिर्णयचं पान पुढे केलं. तो हसला नाही. पान नीट उलगडून त्याने पट्टी लावली आणि मग चार बूट घेऊन आला. घालायला मात्र एकही दिला नाही. प्रत्येकातला आतला सोल, ज्याला आमच्या स्टेशनबाहेरचे मोचीकाका सुकतळा म्हणतात, तो उपसून जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "आधी ह्याच्यावर उभ्या राहा."

ही एक गोष्ट मला कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती. बायकांच्या पाच नंबरच्या सुकतळ्यावरून माझी करंगळी पूर्ण बाहेर. सहाच्याही बाहेर, फक्त पुढे रिकामी जागा जास्त. पुरुषांच्या एकावर अंगठ्याच्या बाजूचं हाड कडेवर आलं. चौथ्या सुकतळ्यावर मात्र सगळी बोटं कडेच्या आत होती आणि पुढे बोटभर जागा. बूट पायात घालायच्या आधीच निकाल लागला होता.

तरी त्याने सोडलं नाही. मी माझे जाड मोजे नेले होते, ते घालायला लावले. लेस न बांधता पाय पार पुढे सरकवायचा आणि टाचेमागे एक बोट जातंय का बघायचं. जायला हवं, दोन जाता कामा नयेत. मग लेस बांधून चवड्यावर उभं राहायचं. बूट जिथे वाकतो तिथेच आपला पाय वाकायला हवा. लांब बुटात तो पुढे वाकतो आणि तळपायात पेटके येतात, हे मी कळसूबाईला अनुभवलं होतं, कारण आत्ता कळलं. दुकानात लाकडाचा एक उतार करून ठेवला होता. त्यावर उतरत्या बाजूला तोंड करून मला दहा-बारा वेळा पाय आपटायला लावले. अंगठा टेकला नाही. तोच बूट घालून वीस मिनिटं दुकानात फेऱ्या मारल्या. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तो काही बोलला नाही.

टाच किंचित सुटत होती. त्यावर त्याने लेस बांधायची पद्धत दाखवली, ती रुंद चवडा आणि अरुंद टाच असलेल्या प्रत्येकाने शिकावी. सगळ्यात रुंद भागावरच्या भोकांच्या जोडीत लेसची फुली करायची नाही, तिथे ती दोन्ही बाजूंनी सरळ वर न्यायची. चवड्यावरचा ताण जातो. मग पाय जिथे घोट्याकडे वळतो तिथे लेसला एकाऐवजी दोन पिळ द्यायचे, म्हणजे खालचं ढिलं आणि वरचं घट्ट असं वेगवेगळं राहतं. सगळ्यात वरच्या दोन भोकांत दोन्हीकडे एकेक फास करायचा, समोरची लेस त्यातून ओवायची आणि मागे-खाली ओढायची. टाच बसली. जागेवर बसली म्हणजे हललीच नाही.

तोच बूट वॉटरप्रूफ प्रकारातही मिळत होता, अडीच हजार जास्त देऊन. तो मी घेतला नाही आणि विचार करून घेतला नाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर पाणी वरून येतं. पोटरीवरून ओघळत बुटात शिरतं, ओढ्यात तर पाय गुडघ्यापर्यंत जातो. वॉटरप्रूफ बुटाच्या आत बाहेरचं पाणी अडवणारा जो पातळ पडदा असतो, तो मग आतलंही पाणी अडवतो. बूट भरलेल्या बादलीसारखा जड होतो आणि मुंबईच्या हवेत तीन-तीन दिवस वाळत नाही. शिवाय तो पडदा आत थोडी जागा खातो, घालून पाहिल्यावर करंगळीला लगेच कळलं. हिमालयात बर्फात जायचं असेल तर मी वॉटरप्रूफच घेईन. इथे नाही. आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलाही सोल धरत नाही, कुणी काहीही सांगो. तिथे पाय बघूनच टाकायचा.

मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण दोन वर्षांत नाव तेच ठेवून फर्मा बदलतात. सुकतळ्यावर उभं राहणं कायम उपयोगी पडतं.

टिकाऊपणाचं आमच्या घरात एक दुखणं आधीचं होतं. नवऱ्याचे महागातले बूट, तीनदा वापरलेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सहा वर्षं माळ्यावर. बाहेरून नव्यासारखे. ते घालून तो राजमाचीला आला आणि उधेवाडीच्या अलीकडे उजवा सोल जिभेसारखा लोंबायला लागला. डाव्याचा मधला थर तर चहात बुडवलेल्या खारीसारखा हातात येत होता. नायलॉनच्या दोरीने बांधून तो कसाबसा उतरला. तेव्हा आम्ही कंपनीला नावं ठेवली. खरं कारण नंतर समजलं. त्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतं, आणि बूट न वापरता बंद करून ठेवला तर ते लक्षातही येत नाही. मुंबईत तर याला आयतीच हवा. म्हणून बूट माळ्यावर टाकू नये, मोकळ्या हवेत ठेवावा, वापरत राहावा, आणि जुना काढला तर ट्रेकच्या आदल्या आठवड्यात सोल दोन्ही हातांनी वाकवून बघावा.

रुंद पायाचा बूट आणखी एका जागी जातो, करंगळीपाशी. पाय तिथे सतत बाहेर ढकलतो आणि नेमकी तिथे शिवण असली की ती उसवते. घेताना मी तेवढी जागा बोटाने चाचपून पाहिली. शिवण नव्हती आणि सोलचं रबर कडेने थोडं वर आलेलं होतं.

बूट घेऊन मी मुलुंड स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांच्या गटई स्टॉलवर गेले. काकांनी कडेला अंगठा दाबून सोल ओढून पाहिला.

"ताई, हा नुसता चिकटवलेला माल. एक पावसाळा काढेल. शिलाई मारून देऊ?"

"नवा आहे हो काका."

"नवा आहे तोवरच मारायची. उसवल्यावर आत माती शिरते, मग धागा धरत नाही."

वॉटरप्रूफ असता तर सुईने त्याला भोकं पडली असती. तसा नव्हता, म्हणून हो म्हटलं. मेण लावलेला जाड दोरा, हातात आरी. एकेक टाका आत घालून, मुठीला गुंडाळून ते ओढत होते. चौफेर शिलाई व्हायला पाऊण तास लागला. अडीचशे रुपये. उरलेल्या वेळात त्यांनी हेही सांगितलं की चामड्याचा बूट असता तर दोन दिवस फर्म्यावर चढवून करंगळीपाशी सैल करून दिला असता. हे जाळीचं कापड ताणलं तरी परत जागेवर येतं.

मग आठवडाभर संध्याकाळी घरात तेच बूट. पोळ्या करताना, भांडी घासताना. बिल्डिंगचे चार मजले रोज पाच वेळा चढ-उतार. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत, तिथल्या दगडात कोरलेल्या पायऱ्यांवर वर-खाली, आणि परत. डाव्या घोट्यावर बुटाची जीभ थोडी घासली, ती मधोमध ओढून लेस बांधल्यावर थांबली.

जानेवारीत राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून चालत, रात्री उधेवाडीत मुक्काम, सकाळी कोंढाण्याच्या लेण्यांच्या वाटेने खाली. ही वाट मी मुद्दाम धरली होती. सलग उतार, सुटे दगड, मधे मधे घसारा. पहिली दहा मिनिटं मी अंगठा टेकण्याची वाट बघत उतरले. तो टेकला नाही. अर्ध्या तासाने मी पायांचा विचार सोडून दिला होता. लेण्यांपाशी पोचल्यावर लेकीने विचारलं, "आई, पाय?" तेव्हा आठवण झाली. कोंदिवड्यात टमटमची वाट बघत मोजे काढले. दहाही नखं जशीच्या तशी, नवं उगवत होतं तेसुद्धा.

घरी येऊन कालनिर्णयचं दुसरं पान काढलं आणि आईला त्यावर उभं केलं. "आता माझं कशाला गं माप?" म्हणाली, पण उभी राहिली. लांबी २३२, रुंदी १०२. माझ्याहून ठेंगणी बाई, माझ्याहून रुंद चवडा. बहात्तर वर्षं तिने बायकांच्या चपला घातल्या. मुलग्यांच्या विभागातले चालायचे बूट तिच्यासाठी आणले, रुंद पुढ्याचे. पहिल्या संध्याकाळी ती खाली बागेत दोन फेऱ्या मारून बाकावर बसली. उजवा बूट काढला, करंगळी अंगठ्याने दाबून पाहिली, पुन्हा एकदा दाबली.

"नाही दुखत," म्हणाली, आणि बूट परत घालून तिसऱ्या फेरीला उठली.